तिनं म्हटलंय का?

दारव्ह्याला आत्याकडे दिवाळीनंतर गेलं की पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते. भाव चढेल या आशेवर राखलेला कापूस छातीइतका उंच झालेला असतो आणि त्याला पाठ लावून माझा आतेभाऊ फोन घेऊन बसलेला असतो. ‘रातभर अंग खाजवत बसशीन,’ असं आत्या रोज ओरडते. तो हलत नाही. रविवारी तर मुळीच नाही, कारण रविवारी रात्री साडेआठला ‘वन पीस’ या जपानी चित्रकथेचा नवा भाग येतो. जपानात त्या वेळी बारा वाजून सोमवार लागतो. शुएशा या प्रकाशनसंस्थेनं २०१९च्या जानेवारीत मांगा प्लस नावाचं अ‍ॅप काढलं, तेव्हापासून टोकियोतल्या वाचकाला भाग मिळतो त्याच घटकेला तो दारव्ह्यातही उघडतो. इंग्रजीत, फुकट, आणि उजवीकडून डावीकडे वाचायचा.

त्या रविवारी साडेआठला अजून दोन तास होते आणि आमचं जुंपलं होतं.

‘लफी अन् नामी,’ तो म्हणाला. ‘दुसरी जोडी होऊच शकत नाही.’

‘नामीनं तसं कधी म्हटलंय का?’

ज्यांनी ही चित्रकथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. एइचिरो ओदा ती २२ जुलै १९९७ पासून ‘शोनेन जम्प’ या साप्ताहिकात काढताहेत. २०२१ साली तिचा शंभरावा खंड आला. माझ्या भावाच्या जन्माआधी सुरू झालेली ही गोष्ट अजून चालूच आहे. लफी हा समुद्री चाच्यांच्या एका लहानशा टोळीचा कप्तान, शँक्स या चाच्यानं लहानपणी दिलेली टोपी जपणारा. नामी त्याच्या जहाजाला दिशा दाखवणारी, साऱ्या जगाचा नकाशा आपल्या हातानं काढायचं म्हणणारी मुलगी; आर्लाँग हा तिच्या गावावर कब्जा करून बसलेला चाचा. या दोघांचं जुळेल का, टोळीतल्या इतरांचं कोणाशी जुळेल, यावर जगभरचे वाचक वर्षानुवर्षं वाद घालत आले आहेत. भावाला या गोष्टीचा नाद मीच लावला. आता पानापानाची आठवण त्याला माझ्यापेक्षा जास्त आहे.

‘टोपी आठव, ताई. आठ वर्षं ती पोरगी आर्लाँगच्या ताब्यात होती. गाव सोडवाले दहा कोटी बेरी जमवून राहिली होती. ऐन वक्ताले तो पैसा गेला. हातावरच्या गोंदणावर सोताच सुरी मारत होती ती. तवा लफीनं काय केलं? डोक्यावरची टोपी काढली अन् तिच्या डोक्यावर ठेवली. ती टोपी तो कोनाले हात लावू देत नाही. शँक्सची टोपी हाये ती.’

‘माझ्याही डोळ्यांसमोर आहे ते पान. पण ती काय म्हणते ते बघ. मदत कर म्हणते. आठ वर्षांत पहिल्यांदा ती कोणाजवळ काही मागते आहे, म्हणून तर ते वाचताना घसा दाटतो. तू त्या मागण्याचा लग्नाचा होकार करून टाकलास. पोरगी एखाद्याशी मोकळी बोलली, अडचणीत त्याला हाक मारली, की बघणारे तिच्या वतीनं पुढचं सगळं ठरवून मोकळे होतात. कॉलेजात आमच्या बाबतीतही हेच व्हायचं.’

तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्याला हवा तो मोहरा सापडला.

‘बरं, तुह्याच मापानं मोजू. तिनं तोंडानं म्हटलं पाहिजे, एवढंच न? मंग हॅनकॉक.’

बोआ हॅनकॉक ही बायकांच्या बेटाची सम्राज्ञी. तिच्या रूपावर जो भुलेल तो दगड होतो. लफी होत नाही, कारण तो भुलतच नाही, आणि तीच त्याच्या प्रेमात इतकी पडते की खरोखर आजारी होते. मनातलं लपवायचं तिला ठाऊक नाही.

‘तिनं म्हटलं हाये. लगनाचंच म्हटलं हाये. मंग दे जोडी!’

‘आणि लफी काय म्हणाला?’

‘करणार नाही म्हणे.’

‘मग तेही ऐकायचं. ज्याला विचारलं त्याचा नकार धरायचा नसेल, तर विचारलं कशाला?’

‘म्हंजे तुह्या हिशोबानं या गोष्टीत कोनाचंच काही होणार नाही.’

‘ओदांच्या हिशोबानंही नाही.’ हे मला पटवून द्यावं लागलं नाही, त्यालाच जास्त ठाऊक होतं. खंडांमध्ये वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारं एसबीएस नावाचं सदर असतं. तिथे ओदांनी सांगून टाकलं आहे की या टोळीतले सगळे साहसाच्याच प्रेमात आहेत, आपापसातलं प्रेमप्रकरण ते काढणार नाहीत. लेखकानं इतकं स्पष्ट सांगूनही वाद थांबला नाही, आणि तो का थांबला नाही हे मला भावाकडून समजून घ्यायचं होतं.

‘ज्याची गोष्ट त्यानं नाही म्हटलं,’ मी विचारलं, ‘मग तुझा हट्ट कशावर उभा आहे?’

‘जांभूळ आख्यानावर,’ तो म्हणाला.

शाहीर विठ्ठल उमपांचं जांभूळ आख्यान मीच त्याला कधीतरी दाखवलं होतं. तो त्याचा असा उपयोग करील असं वाटलं नव्हतं. ‘व्यासानं द्रौपदीले पाच नवरे देले अन् विषय संपवला. तिच्या मनात कर्ण होता हे कोनं गायलं? आपल्याच लोकायनं. त्यायले कोनी विचारलं का, बापा, मूळ पोथीत हाये का हे? गोष्ट एवढ्या लोकायच्या घरात गेली म्हंजे ती एकट्याची राहत नाही. जे लेखकानं सोडून देलं ते वाचकाचं.’

या उत्तरावर मी खूश झाले, हे लपवून काय करू? आमच्या वादाला एका झटक्यात शेकडो वर्षांचं गोत मिळालं. कर्ण-द्रौपदी ही मराठी मनानं जुळवलेली जोडीच आहे. पाचांत नसलेला कर्ण आपल्याला सोडवत नाही. शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ १९६७ साली आलं आणि घराघरात गेलं, त्यामागेही कर्णावरची ही माया आहेच. पण भावाच्या उदाहरणात माझ्या बाजूचं एक माप होतं, ते मी सोडणार नव्हते.

‘आख्यानात ते मनातलं कोण सांगतं?’

‘द्रौपदीच.’

‘तेच म्हणते मी. शाहिरांनी नवी जोडी जुळवली खरी, पण ती तिच्या तोंडून वदवली. तिच्या मागे उभं राहून दुसऱ्या कोणी कुजबुजलेलं नाही.’

तो कापसाचं एक बोंड घेऊन त्यातली सरकी उलगडत बसला. मग जे बोलला त्यानं माझा सूरच बदलला.

‘ताई, या गोष्टीत प्रेम नाही असं लोक म्हणतात. हाये न. पन पाह्य कोनाचं हाये. रॉजर अन् रूज. पोटातलं लेकरू वाचावं म्हून वीस महिने तिनं ते पोटात ठेवलं, अन् जन्म देऊन मेली. रॉजरले आधीच देहदंड झालता. ओडेन अन् तोकी, दोघंही गेले. कुमा अन् जिनी. ती मेली, अन् तो तिचं लेकरू वाढवता वाढवता माणूसच उरला नाही. जे प्रेम करतात ते आधीच्या पिढीतले, आठवणीत दाखवलेले, अन् शेवटी त्यायची कबर. मले एक तरी जोडी जिती पाहायची हाये. आत्ता, चालू भागात. टोपी तिच्या डोक्यावर हाये अन् दोघंही जिते हायेत. म्हून मी नामी म्हणतो.’

मी त्याच्या या म्हणण्याला उत्तर दिलं नाही. इतकी वर्षं वाचूनही ही गोष्ट मला अशी दिसली नव्हती. मी पुरावा मागत होते आणि तो साधं मागणं मागत होता, की मेल्यावर कळलेलं प्रेम पुरे, आता हयातीतलं दाखवा.

आत्या लसूण सोलायला घेऊन दारात येऊन बसली. ‘त्या निळ्या मांजराचं चाललं का?’ तिनं विचारलं. आत्याच्या लेखी जपानी चित्रकथा म्हणजे डोरेमॉन. त्यात तिचं चुकत नाही. २००५ पासून हंगामा टीव्हीवर तो हिंदीत लागू लागला, तेव्हा मी सुट्टीत इथे यायचे. ती स्वयंपाक करताना आम्ही बघायचो आणि ती ऐकायची. जोडीवरून मी आयुष्यात पहिलं भांडण केलं तेही डोरेमॉनवरूनच.

‘वन पीस’मध्ये पंचवीस वर्षांहून जास्त काळ जे सांगितलं जात नाही, ते डोरेमॉनमध्ये पहिल्याच भागात सांगून टाकलंय. फुजिको एफ. फुजिओ यांची ही कथा १९६९च्या डिसेंबरात, शाळकरी मुलांच्या मासिकांत सुरू झाली. भविष्यातून सेवाशी नावाचा मुलगा येतो. तो कथेचा नायक असलेल्या नोबिता या शाळकरी मुलाच्या नातवाचा नातू. त्याच्याजवळ फोटोंचा अल्बम असतो, आणि त्यात नोबिताचं लग्न त्याला छळणाऱ्या जियानच्या बहिणीशी, जाइकोशी, झालेलं दिसतं. पुढे नोबिताचा धंदा बुडतो आणि कर्ज इतकं होतं की चार पिढ्यांनंतरही फिटत नाही. म्हणून डोरेमॉनला मागे पाठवायचं. यवतमाळ जिल्ह्यात बसून वाचताना त्या कर्जापाशी मन अडतं. लहानपणी मला ते दिसलंच नव्हतं. मला दिसली होती फक्त जाइको, जिच्याशी लग्न होणं हेच संकट म्हणून दाखवलेलं आहे.

नोबिता सेवाशीला विचारतो, माझं लग्न मला आवडणाऱ्या शिजुकाशी झालं तर तू जन्मणार कसा? सेवाशी ओसाकाचा दाखला देतो. कोणत्याही वाहनानं जा, कोणताही रस्ता धर, दिशा बरोबर असली की ओसाका येतंच.

‘म्हंजे दारव्ह्यावरून मूर्तिजापूरले शकुंतलेनं जा नाहीतर एसटीनं जा,’ भाऊ म्हणाला.

शकुंतला ही आमच्या भागातली अरुंद रुळांची गाडी, यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला जाणारी. कापूस वाहायला इंग्रजांच्या काळात टाकलेली ही लाइन. दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनात ती आता येत नाही. दाखला ऐकून आत्या हसली, पण मला तो लहानपणापासून खटकतो.

‘एसटीनं गेलं काय आणि शकुंतलेनं गेलं काय, मूर्तिजापूर येईल. पण जाइको आणि शिजुका या गाड्या आहेत का? ज्या दोन मुलींवरून नोबिताचं आणि सेवाशीचं बोलणं चाललंय, त्यांपैकी एकीलाही विचारलेलं नाही. जाइकोचं तर खरं नावही त्या कथेत कुठे येत नाही.’

फुजिको यांच्याविषयी मला जो आदर आहे तो पहिल्या भागासाठी नाही, जाइकोचं पुढे त्यांनी जे केलं त्यासाठी आहे. नाकारलेली बायको म्हणून कथेत आलेली ती जाडी, रागीट मुलगी पुढे चित्रकथा काढायला लागते. क्रिस्टिने गोडा असं टोपणनाव घेते, काढलेलं पसंत पडलं नाही की फाडते, पुन्हा बसते. तिच्यासारखाच चित्रकथा काढणारा एक मुलगाही तिला भेटतो. चित्रकथाकारानं आपलं स्वतःचं काम तिच्या हातात दिलं, याहून मोठा मान तो तिला काय देणार होता?

‘ते जाऊ दे,’ भाऊ म्हणाला. ‘तू लहानपणी कोनासाठी रडत होती ते सांग.’

देकिसुगीसाठी. शिजुकाचं लग्न तिच्या वर्गातल्या देकिसुगीशी व्हावं असं मला मनापासून वाटायचं. तो हुशार, सभ्य, तिच्या बरोबरीनं अभ्यास करणारा. तिच्या आंघोळीच्या वेळी तिच्या घरात जाऊन न पडणारा. नोबिताजवळ काय होतं? शून्य मार्कांचे पेपर आणि दुसऱ्याच्या पोटावरच्या खिशातून काढलेली साधनं. हे सगळं मी त्या संध्याकाळीही तावातावानं बोलले. हुशार मुलीनं आपल्या बुद्धीच्या तोडीचा जोडीदार का नाही निवडायचा?

‘बायोडेटा चांगला हाये देकिसुगीचा,’ तो शांतपणे म्हणाला. ‘पन शिजुकानं तसं म्हटलं हाये का?’

नाही म्हटलेलं. एकदाही नाही. इतका वेळ मी त्याला ज्या मापानं मोजत होते, त्याच मापात माझी जोडी बसत नव्हती. आणि त्याहून अवघड गोष्ट अशी की नोबिताला मात्र ती स्वतःच्या तोंडानं हो म्हणते. बर्फातल्या डोंगरावरची ती कथा आहे. मोठी झालेली शिजुका वादळात सापडते. छोटा नोबिता काळाचं कापड वापरून मोठा होतो आणि तिला वाचवायला जातो. एकही काम त्याला धड जमत नाही, शेवटी तीच त्याला सांभाळते. आणि तिथेच, त्यानं आधी घातलेल्या मागणीला होकार देते. कारण सांगते, की जवळ राहिलं नाही तर याचं काय होईल या काळजीनं पाहवत नाही.

‘तिनं म्हटलं,’ भाऊ म्हणाला.

‘हो, म्हटलं. पण ते कारण मला सोसवत नाही. हे प्रेम आहे की जन्मभराची ड्युटी? आमच्या ऑफिसात निम्म्या बायका हेच सांगतात. त्याला एकट्यानं जमणार नाही म्हणून मी राहिले. चांगल्या शिकलेल्या, चार जणांचं काम एकटीनं ओढणाऱ्या बायका. शिजुकाच्या तोंडून तेच वाक्य ऐकलं की वाटतं, ही लहान मुलींना आतापासूनच शिकवण चालू आहे.’

आत्यानं लसणीचं ताट खाली ठेवलं.

‘पाहवत नाही म्हून तिनं हो म्हटलं, ते तुले बरं नाही वाटत,’ ती म्हणाली. ‘मी तं तेवढंही नाही म्हटलं, माय. पाहुणे आले, मी चहा देला. चहा सरला तवा लगन ठरलं होतं. मले कोनं विचारलं?’

तिच्या लग्नाचा चहा ज्यांनी ठरवला ते माझे आजोबा. मी त्यांना फार मायाळू माणूस म्हणून ओळखत होते, अजूनही तसंच ओळखते. पण हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

‘त्या पोरीचा बाप लगनाच्या आदल्या रातीले तिच्याशी बोलते न,’ आत्या पुढे म्हणाली. ‘ते मी ऐकलं हाये. गॅस बारीक करून ऐकलं होतं.’

ती ज्याच्याविषयी बोलत होती तो प्रसंग जपानी वाचकांच्याही फार जिव्हाळ्याचा आहे. लग्नाच्या आदल्या रात्री शिजुकाचं मन कच्चं होतं. आईवडिलांना सोडून जाववत नाही, नीट निभावेल का अशी भीती वाटते. वडील तिला सांगतात की तू निवडलेला मुलगा दुसऱ्याच्या सुखात सुख मानतो आणि दुसऱ्याच्या दुःखानं दुःखी होतो, माणसाजवळ याहून महत्त्वाचं काही नसतं. २०१४च्या ‘स्टँड बाय मी डोरेमॉन’ चित्रपटात बर्फातला प्रसंग आणि हा प्रसंग दोन्ही घेतलेले आहेत.

‘तो बाप तिले म्हणते, तू बरोबर निवडलं,’ आत्या म्हणाली. ‘तू निवडलं, असं म्हणते तो. मले ते लय आवडलं.’

मी शिजुकाच्या कारणाशी भांडत होते आणि आत्याचं लक्ष त्या एका क्रियापदावर होतं. मला अजूनही ते कारण पटत नाही. पण देकिसुगीचं नाव मी त्या क्षणापासून सोडलं. कागदावर शोभणारा नवरा मीही दुसऱ्यांसारखाच तिच्यासाठी शोधत होते.

‘रुक्मीनं पन शिशुपाल शोधलाच होता न बहिणीसाठी,’ आत्या म्हणाली, जशी काही शेजारच्या घरची गोष्ट सांगावी. तशी ती आहेच. आमचं मूळ गाव कौंडण्यपूरजवळचं, वर्धा नदीच्या काठचं. आषाढीला पंढरपुराला तिथून पालखी जाते, ती रुक्मिणीच्या माहेरची पालखी. आत्याचं आणि रुक्मिणीचं माहेर एक. शिशुपालाचंही सगळं कागदावर ठीक होतं. राजघराणं, भावाची पसंती, जरासंधासारख्याचा पाठिंबा, मांडव घातलेला. आणि रुक्मिणीनं कृष्णाला पत्र पाठवलं. भागवतात ते सात श्लोकांचं आहे. मला घेऊन जा, आणि कुठून घेऊन जा, कधी घेऊन जा, हेसुद्धा तिनंच त्यात लिहिलेलं आहे.

मला रिद्धपूरची महदंबा आठवली. तेराव्या शतकाच्या अखेरीस तिनं धवळे रचले, म्हणजे लग्नात वराला उद्देशून गायची गाणी, आणि विषय घेतला कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचा. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण जिचं नाव घेतो, तिला गावीशी वाटलेली गोष्ट कोणती, तर जिथे नवरीनं स्वतः लिहून कळवलं ती. मी हे दोघांना सांगितलं. आत्याला महदंबा ठाऊक नव्हती, रिद्धपूर ठाऊक होतं.

‘पन ताई,’ भाऊ अजून सोडायला तयार नव्हता, ‘रुक्मिणीनं पत्र धाडलं नसतं, तं तिच्या मनात काही नव्हतं असं झालं असतं का? मायनं चहा देला तवा तिच्या मनात काही नसंल का?’

आत्यानं त्याच्याकडे बघितलं नाही. लसणीच्या साली एकत्र केल्या आणि ताट घेऊन आत गेली.

तो प्रश्न माझ्या मापाला भेगा पाडणारा होता. जी बोलली तिचंच ऐकायचं असं मी म्हणत होते. जिला बोलायला जागाच मिळाली नाही, तिच्या मनाचं काय करायचं? तिच्या वतीनं कल्पना करायची, तर ती रुक्मीसारखी की आख्यान गाणाऱ्या शाहिरासारखी? ‘नारुतो’ या दुसऱ्या जपानी चित्रकथेत पेनसारख्या शत्रूसमोर उभं राहून हिनातानं नारुतोला आपलं मन सांगितलं, ते पान मी कितीदा वाचलं असेल. नामीजवळ तसं पान नाही. पण म्हणून भावानं टोपीकडे बघायचंच नाही, असं आता माझ्यानं म्हणवेना.

साडेआठला फोन थरथरला.

‘आला का?’ आतून आत्याचा आवाज.

‘आला.’

आम्ही दोघांनी डोकी एकत्र घातली. त्याचं बोट सरकत राहिलं, एका पानावर तो थोडा थांबला, पुन्हा पुढे गेला. आत्या हात पुसत येऊन आमच्यामागे उभी राहिली.

‘काही म्हटलं का त्या पोट्टीनं?’

‘नाही व माय. या भागात ते हायेच नाही.’

‘मंग ते टोपीवालं दाखव.’

नववा खंड मी त्याला नागपूरहून आणून दिला होता. तो कापसाच्या मागच्या फळीवर होता, तिथवर पोचायला त्याला अर्धा ढीग तुडवावा लागला. आत्या आज काही बोलली नाही. दिव्याखाली बसून तिनं पुस्तक डावीकडून उघडलं, आणि त्यानं ते तिच्या हातातच फिरवून दिलं.